डोकं धुण्याचा खरा खर्च

सरावलीत डोकं नीट धुवायचं असेल तर शॅम्पूच्या आधी पाण्याची चौकशी करावी लागते. तारापूर औद्योगिक वसाहतीला खेटून असलेल्या या गावात कुणाकडे नळाचं पाणी आहे, कुणाकडे बोअरचं, तर कुणाचा उन्हाळा टँकरवर निघतो. एकच शॅम्पू एका घरात भरपूर फेसाळतो आणि दुसऱ्या घरात केस काथ्यासारखे करून ठेवतो. मग माणूस बाटली बदलतो, आणखी महाग बाटली आणतो, शेवटी पार्लर गाठतो. दोष बाटलीचा नसतो, म्हणून गुणही येत नाही.

आधी निष्कर्ष सांगतो. एका माणसाचं डोकं एकदा स्वच्छ आणि सौम्यपणे धुवायला दोन ते आठ रुपये पुरतात. त्यापुढचे पैसे बहुतेक वेळा वासावर आणि जाहिरातीवर जातात. पुढे दिलेले भाव साधारण आहेत, दुकान आणि ब्रँडप्रमाणे ते कमी-जास्त होतील. हिशेबाची रीत मात्र तीच राहील.

पहिली तपासणी पाण्याची, खर्च जवळजवळ शून्य

पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की ते जड होतं. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्याची एकूण कठीणता, म्हणजे हा जडपणा, लिटरला २०० मिलीग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. बोअरचं पाणी या दोन आकड्यांमध्ये कुठेही असू शकतं, कधी त्याच्या पलीकडेही.

घरच्या घरी तपासायचं असेल तर दोन रिकाम्या, पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत आरओचं शुद्ध पाणी, दुसरीत न्हाणीघरातलं पाणी अर्ध्यापर्यंत भरा. दोन्हींत कपडे धुण्याच्या साध्या साबणाच्या वडीचा चिमूटभर कीस टाका. डिटर्जंटची वडी, पावडर किंवा हँडवॉश नको, त्याने फरक कळणार नाही. झाकण लावून दहा-बारा वेळा जोरात हलवा आणि मिनिटभर थांबा. हलक्या पाण्यावर दाट फेस टिकतो आणि खालचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ राहतं. जड पाण्यात फेस लगेच बसतो, पाणी दुधाळ होतं आणि वर दह्याच्या कणांसारखी साय तरंगते. आंघोळीच्या साबणाने डोकं धुतलं की हीच साय केसांवर चिकटते.

नेमका आकडा हवा असेल तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संच वापरण्याचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे आणि त्या संचात कठीणता मोजता येते. बाजारातला दोन-चारशे रुपयांचा टीडीएस मीटर यासाठी घेऊ नका. तो विरघळलेल्या सगळ्या क्षारांची बेरीज दाखवतो. त्यातला जडपणा किती, हे त्यावरून कळत नाही. पाणी चवीला खारं आहे म्हणजे ते जडच असेल, असंही नाही.

पाणी जड निघालं तर काय करायचं? सगळी आंघोळ हलक्या पाण्याने करायची गरज नाही. शेवटचे दोन-तीन तांबे हलक्या पाण्याचे घ्या. आरओचं शुद्ध पाणी किंवा हलकं असेल तर नळाचं साठवलेलं पाणी यासाठी चालतं. आरओमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र डोक्यावर घेऊ नका, कारण त्यात क्षार आणखी गोळा झालेले असतात. पावसाळ्यात तर निसर्गच हलकं पाणी देतो. पहिल्या काही सरींनी छप्पर धुऊन निघालं की पुढचं पागोळीचं पाणी स्वच्छ पिंपात धरा आणि कपड्याने गाळून केसांसाठी वापरा.

शॉवरला लावायच्या फिल्टरवर पाचशेपासून तीन हजारांपर्यंत पैसे मागतात. त्यातले बहुतेक फिल्टर क्लोरीन आणि गाळ कमी करतात, जडपणा काढत नाहीत. जडपणा घालवायला मिठाच्या पाण्याने पुन्हा-पुन्हा ताजं करावं लागणारं राळेचं यंत्र, म्हणजे सॉफ्टनर लागतो. त्याचा खर्च हजारांत जातो आणि तो इमारतीने मिळून केला तरच परवडतो. दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: ‘यात मीठ घालावं लागतं का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर कठीणता कमी होईल या आशेने पैसे घालवू नका.

धुवायची ती डोक्याची त्वचा

तेल, घाम, मृत पेशी आणि धूळ साचते ती डोक्याच्या त्वचेवर. खाली लोंबणारा केस हा निर्जीव तंतू आहे. त्याला घासलं की त्याचे खवले उचकटतात. म्हणून धुण्याची सगळी मेहनत मुळांशी करायची आणि टोकांना उतरत्या फेसावर सोडून द्यायचं.

कोरड्या केसांत आधी फणी फिरवून गुंता काढा. ओला केस जास्त ताणला जातो आणि तुटतो. मग कोमट पाण्याने मिनिटभर डोकं पूर्ण भिजवा. शॅम्पू थेट डोक्यावर ओतू नका, मगभर पाण्यात मिसळा आणि ते पाणी भांगाभांगातून घाला. याने तो सगळीकडे पोचतो आणि कमी लागतो. मिसळलेलं पाणी त्याच वेळी संपवा, पुढच्यासाठी ठेवू नका.

आता बोटांची टोकं वापरा, नखं नाही. कपाळावरची केसांची रेषा, कानांमागचा भाग आणि मान या तीन जागा हमखास राहून जातात. कोंडाही तिथेच दिसतो. लांब केस डोक्यावर गोळा करून कपड्यासारखे चोळू नका. तेल लावलेलं असेल तर शॅम्पू दोनदा, पण दोन्ही वेळा थोडा. फेस करायला जितका वेळ लागला, त्याहून जास्त वेळ पाणी घाला. खाज सुटण्याचं एक मोठं कारण म्हणजे मागे राहिलेला शॅम्पू. कंडिशनर लावायचा असेल तर कानाच्या खालच्या केसांनाच.

पुसायला जाड टॉवेलपेक्षा सुती पंचा बरा. दाबून पाणी टिपा, घासू नका. ओल्या केसांचा अंबाडा बांधून कामाला लागू नका. इथल्या दमट हवेत आणि पावसाळ्यात तो संध्याकाळपर्यंत वाळत नाही, वास येतो आणि कोंड्याला पोषक ओल मिळते.

किती वेळा धुवायचं? तेलकट डोकं, रोजचा घाम किंवा हेल्मेट असेल तर दिवसाआड, गरज पडल्यास रोजही. कोरडे, कुरळे किंवा रंगवलेले केस असतील तर आठवड्यातून एक-दोनदा. ‘धुतले की गळतात’ ही भीती मनातून काढा. रोज ५० ते १०० केस गळणं स्वाभाविक आहे. चार दिवस न धुता साचलेले सुटे केस पाचव्या दिवशी एकदम हातात येतात, एवढंच.

पाउच की बाटली? भागाकार करा

बाटलीची किंमत पाहू नका, मिलीचा भाव पाहा. तो अनेकदा एमआरपीजवळ छापलेला असतो. नसेल तर किमतीला मिलीने भागा. समजा, १८० मिलीची बाटली १०८ रुपयांना आहे. मिलीला ६० पैसे पडले. एक रुपयाच्या पाउचात ५ ते ६ मिली असेल तर मिलीला २० पैशांच्या आत पडतं. मोठं घेतलं की स्वस्त पडतं, हा इतर किराण्याचा नियम शॅम्पूला अनेकदा लागू होत नाही. १९८० च्या दशकात तामिळनाडूतल्या छोट्या उद्योगांनी पाउच घरोघरी नेलं, तेव्हापासून त्याची किंमत सुट्या नाण्यांशी बांधलेली राहिली.

पाउचाचा तोटा कचऱ्यात आहे. त्याचं अनेक थरांचं प्लास्टिक पुन्हा वापरात येणं अवघड असतं आणि ते गटारात अडकतं. पाउच वापरत असाल तर रिकामी पाकिटं एका पिशवीत जमवून सुक्या कचऱ्यात द्या, न्हाणीच्या मोरीत सोडू नका.

किती शॅम्पू लागतो? छोट्या केसांना ३ ते ४ मिली, लांब केसांना ८ ते १०. म्हणजे एक पाउच दोन मुलांना पुरतं आणि लांब केसांच्या बाईला दोन लागतात.

‘सल्फेट-फ्री’ बाटलीचा भाव दुप्पट-तिप्पट असतो. कोरडी त्वचा किंवा रंगवलेले केस असतील तर ती सौम्य म्हणून उपयोगी आहे. तेलकट, घामट डोक्याला साधा शॅम्पू थोडा वापरला तरी काम होतं. बाटलीवर घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या चार-पाच नावांत खरा माल कळतो. समोर बदाम, कांदा किंवा कोरफडीचं मोठं चित्र आणि यादीत ते नाव तळाशी असेल, तर तुम्ही चित्राचे पैसे देत आहात. जड पाण्यासाठी यादीत ‘ईडीटीए’ शोधा. ते क्षारांना बांधून ठेवतं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून शॅम्पू, केसांचं तेल आणि अंगाचा साबण यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. कर धरून ११८ रुपयांना मिळणारी वस्तू त्या हिशेबाने १०५ रुपयांना मिळायला हवी. छापील एमआरपीपेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नका.

शिकेकाई-रिठ्याचा हिशेब

शिकेकाई आणि रिठ्यात सॅपोनिन नावाचे फेसाळणारे घटक असतात, म्हणून ते खरोखर स्वच्छ करतात. साबणासारखी साय जड पाण्यातही धरत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. पण ते फुकट नाहीत. शिकेकाई पूड १०० ग्रॅमला ६० रुपये धरली आणि लांब केसांना एका वेळी २० ग्रॅम लागली, तर एका धुण्याला १२ रुपये झाले. रिठा स्वस्त पडतो, पण भिजवणं, उकळणं, गाळणं हे कष्ट आणि गॅस वेगळा.

करायचंच असेल तर रीतसर करा. आठ-दहा रिठे फोडून बिया काढा, सालं रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी दहा मिनिटं उकळा, कुस्करा आणि मलमलच्या कपड्यातून गाळा. पूड असो की साल, गाळलेलं पाणीच वापरा. न गाळलेली पूड डोक्यावर चोळली तर तिचे कण केसांत अडकतात आणि त्वचा खरवडतात. रिठ्याचं पाणी डोळ्यात गेलं तर भयंकर चुरचुरतं, म्हणून लहान मुलांना ते लावू नका.

‘शिकेकाई साबणा’ची वडी घेताना एवढं ध्यानात ठेवा की ती आधी साबण आहे, शिकेकाई नंतर. साबणाचा पीएच साधारण ९ ते १० असतो, डोक्याच्या त्वचेचा साडेपाचच्या आसपास. जड पाण्यात तर तीच साय पुन्हा केसांवर बसते.

तेल धुण्याआधी, तेही थोडं

खोबरेल तेलाचा उपयोग खरा आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना प्रसिद्ध केली. तिघांपैकी खोबरेल तेलानेच केसांतल्या प्रथिनांची झीज कमी केली. त्याचा छोटा, सरळ रेणू केसाच्या आत शिरतो. अभ्यास तेल विकणाऱ्या कंपनीतला आहे, हे ध्यानात ठेवूनही धुण्याच्या तासभर आधी केसांच्या लांबीला दोन चमचे खोबरेल लावणं हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे. खर्च चार-पाच रुपये.

बाटली घेताना एफएसएसएआयचा परवाना क्रमांक आहे का ते पाहा. असेल तर ते खाण्याचं खोबरेल तेल आहे. सुगंधी ‘हेअर ऑइल’च्या यादीत अनेकदा ‘लिक्विड पॅराफिन’ आधी येतं. ते खनिज तेल.

कोंडा असेल तर मुळांना तेल चोपडू नका. कोंड्यामागची मॅलेसेझिया नावाची बुरशी डोक्यावरच्या तेलावरच जगते.

कोंडा आणि उवा यांचा खर्च मेडिकलमध्ये

साधा कोंडा महिनाभर नियमित धुऊनही हटत नसेल तर केटोकोनॅझोल २ टक्के शॅम्पू लागतो. तो औषध आहे, म्हणून डॉक्टरांना दाखवून घ्या. साधारण रीत अशी: आठवड्यातून दोनदा, त्वचेवर ३ ते ५ मिनिटं ठेवून धुणे, दोन ते चार आठवडे. लावला आणि लगेच धुतला तर पैसे पाण्यात जातात. अडीचशे-चारशे रुपयांत शंभर मिली मिळतो आणि एका माणसाचा पूर्ण उपचार त्यात होतो. जनऔषधी केंद्रात आधी चौकशी करा.

उवांसाठी परमेथ्रिन १ टक्का लोशन दहा मिनिटं ठेवून धुवा आणि सात ते दहा दिवसांनी पुन्हा लावा. पहिल्या खेपेला वाचलेल्या लिखांतून तोवर उवा बाहेर पडलेल्या असतात. मधल्या काळात ओल्या केसांना कंडिशनर लावून बारीक दातांच्या फणीने विंचरा. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासा, नाहीतर खर्च दुप्पट होतो. रॉकेल किंवा शेतीचं कीटकनाशक मुलांच्या डोक्याला कधीही लावू नका. त्याने जीव धोक्यात येतो.

गोल टक्कल पडलं, पू झाला, मुलाच्या डोक्यावर खवले धरलेला, केस गेलेला चट्टा दिसला, तर शॅम्पूवर पैसे घालवणं थांबवा. मुलांच्या डोक्यावरच्या नायट्याला पोटात घ्यायचं औषध लागतं. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टिरॉइडचं मलम आणू नका. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. बोईसरचं ग्रामीण रुग्णालय जवळ आहे, पहिला कागद तिथे काढा.

कंपनीतून घरी येणाऱ्यांसाठी

रंग, रसायन, औषध किंवा कापडाच्या कारखान्यात काम असेल तर डोक्यावर टोपी हवीच. कोरडी पूड डोक्यावर पडली तर आधी मान खाली घालून झटका, मग भरपूर पाण्याने धुवा. रसायन सांडलं तर घरी जायची वाट पाहू नका. तिथल्या तिथे वाहत्या पाण्याखाली किमान १५ ते २० मिनिटं डोकं धरा आणि सुपरवायझरला कळवा. शॅम्पूचा विचार नंतर. पाळीनंतर डोकं धुऊनच उशीला टेका आणि टॉवेल वेगळा ठेवा.

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल आणि कारखाना ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याच्या कक्षेत येत असेल, तर पगारातून ०.७५ टक्के वर्गणी कापली जाते. त्या वर्गणीत तुमचे आणि कुटुंबाचे उपचार येतात, त्वचेच्या तक्रारीही. कार्ड कंत्राटदाराने दिलं नसेल तर मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

पार्लरला जाण्याआधी

नुसत्या हेअर वॉशला दीडशे-तीनशे, हेअर स्पाला पाचशे ते दीड हजार असे साधारण दर असतात. स्पामध्ये मालिश, वाफ आणि जाड कंडिशनर असतो. केस काही दिवस मऊ लागतात, मन शांत होतं. कोंडा किंवा केसगळती त्याने बरी होत नाही. तसं कुणी सांगितलं तर पैसे खिशातच ठेवा.

बसण्याआधी दर आणि त्यात काय-काय येतं ते विचारा. सलून-पार्लरच्या सेवेवरही २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे. ज्याच्या बिलावर जीएसटी क्रमांक नाही, त्याला कर लावता येत नाही. धुतलेला टॉवेल आणि स्वच्छ फणी मागायला संकोच करू नका. नायटा आणि उवा तिथूनही घरी येतात.

एका धुण्याचा खर्च, एका नजरेत

- एक रुपयाचं पाउच: १ ते २ रुपये
- मध्यम भावाची बाटली: ३ ते ६ रुपये
- सल्फेट-फ्री बाटली: ८ ते १५ रुपये
- शिकेकाई पूड: १० ते १२ रुपये
- औषधी शॅम्पू, डॉक्टरांच्या सल्ल्याने: १५ ते २५ रुपये
- पार्लरमधला हेअर वॉश: १५० ते ३०० रुपये

चौघांच्या घरात प्रत्येकाने आठवड्यातून दोनदा डोकं धुतलं तर महिन्याला साधारण ३५ धुणी होतात. दोन रुपयांनी ७० रुपये, सात रुपयांनी २४५. वर्षाचा फरक २,१०० रुपयांचा. या रकमेत घरातल्या कुणाला खरंच औषध लागलं तर त्याचा पूर्ण उपचार होतो आणि वर मुलांच्या वह्याही येतात.

एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेतले, मुदत संपलेली बाटली दिली किंवा छापलेल्या वजनापेक्षा माल कमी निघाला, तर बिल आणि बाटली जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही.

या आठवड्यात तीन कामं करा. बाटल्यांची चाचणी करून पाणी ओळखा, घरातल्या शॅम्पूचा मिलीमागे भाव काढा आणि आंघोळीचा साबण डोक्याला लावणं बंद करा. महिनाभर एवढं पाळून बघा. तरीही खाज, कोंडा किंवा गळती तशीच राहिली, तर पुढचा खर्च नव्या बाटलीवर करू नका, डॉक्टरांकडे जा.